मुलं स्वतःच्या मनाने चार ओळींच्या पुढे का जात नाहीत, आणि त्यावर वर्गात काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहावीचा वर्ग, चाळीसेक मुलं, निबंध म्हटलं की सगळ्यांच्या वहीत एकच निबंध, गाईडमधला नाहीतर फळ्यावरून उतरवलेला. मनाने लिहा म्हटलं की चार ओळी, त्यातही चुकाच चुका. मग आधी व्याकरण पक्कं करून घ्यायचं का मोकळं लिहू द्यायचं, एवढ्या वह्या तपासायच्या कशा, आणि पालक म्हणतात परीक्षेत पाठ केलेल्या निबंधालाच मार्क मिळतात त्यांना काय सांगायचं.

मी २४ वर्षं पाचवी ते आठवीला भाषा शिकवतेय, त्यातली पहिली सात-आठ वर्षं तुम्ही जे सांगताय तेच माझ्याही वर्गात होतं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

व्याकरण आधी का लेखन आधी, तर माझ्या मते दोन्हीच्या आधी बोलणं. मग कच्चं लिहिणं. मग त्या कच्च्या लिहिलेल्यावर काम, आणि व्याकरण, शुद्धलेखन, परिच्छेद हे सगळं त्या कामाच्या वेळी, मुलाच्या स्वतःच्या मजकुरावर. बाकी जे लिहिणार आहे ते सगळं यातूनच येतं.

बघा, आपण लेखन ‘घेतो’. विषय फळ्यावर, खाली सहा मुद्दे, उद्या लिहून आणा, परवा तपासलं, सही केली, पुढचा विषय. यात शिकवलं कधी? गणितात आपण असं करत नाही ना, तिथे फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवतो, मधे थांबतो, इथे हातचा राहिला म्हणतो. लेखनात मुलाला दिसतो तो फक्त पूर्ण झालेला निबंध. लिहिणारा माणूस किती वेळा अडतो, किती खोडतो, पहिलं वाक्य उचलून चौथ्या जागी कसं नेतो हे त्याने कधी बघितलेलंच नसतं, मग त्याची समजूत होते की ज्यांना येतं त्यांना एका झटक्यात येतं आणि आपल्याला काही येत नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोघांनी लोकांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्याने बोलायला सांगितलं आणि त्यावरून १९८१ मध्ये जे मांडलं ते हेच होतं, की काय लिहायचं ते ठरवणं, लिहिणं आणि परत वाचून बदलणं या पायऱ्या एकापुढे एक येत नाहीत, माणूस सारखा पुढेमागे करत असतो. हे मुलांना तोंडी सांगून समजत नाही. त्यांच्यासमोर लिहावं लागतं, आणि अडावंही लागतं.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सुचवते ते हे, की आठवड्यातला एक पिरियड वर्गाने मिळून फळ्यावर लिहायचा. माझ्या वर्गातला एक पिरियड सांगते. व्हरांड्यातला नळ बरेच दिवस गळत होता, मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा ठरलं. मी म्हटलं सांगा, पहिलं वाक्य काय? एकजण म्हणाला, “नळ गळतो.” लिहिलं. लगेच मागून आवाज, “बाई, पण कुठला नळ? शाळेत सात नळ आहेत.” मग झालं “दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यातला नळ गळतो.” एक मुलगी म्हणाली, गळतो म्हटलं की थोडंसं वाटतं, तिथे तर पाणी साचतं आणि पहिलीची मुलं घसरतात. मग यावर दहा मिनिटं चर्चा, की आधी नळाचं सांगायचं का आधी मूल पडलं ते सांगायचं. शेवटी पडलेल्या मुलाचं वाक्य वर गेलं, कारण एकीचं म्हणणं होतं की सरांनी अर्ज अर्धाच वाचला तरी तेवढं त्यांना कळलं पाहिजे. हे ती मुलगी बोलली, मी नाही. परिच्छेदाची रचना, वाचणाऱ्याचा विचार, नेमका शब्द, सगळं त्या एका पिरियडमध्ये आलं आणि मी यातला एकही शब्द फळ्यावर मथळा म्हणून लिहिला नव्हता.

या मिळून लिहिण्याला चांगला आधारही आहे. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात जिम मार्टिन, जोन रॉदरी वगैरे मंडळींनी शाळांमध्ये यावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की मुलांना नुसतं ‘मनाला येईल ते लिहा’ म्हणून सोडून दिलं तर ज्यांच्या घरी वाचणं-लिहिणं आहे ती पुढे जातात आणि बाकीची गोष्ट सांगण्याच्या पलीकडे जातच नाहीत, अहवाल कसा असतो, युक्तिवाद कसा करतात, माहिती कशी देतात हे त्यांना कुणी दाखवतच नाही. म्हणून आधी त्या प्रकारचा एक चांगला नमुना वर्गात उलगडून बघायचा, मग तसाच एक सगळ्यांनी मिळून लिहायचा, आणि मग एकट्याने. मला हे शंभर टक्के पटतं. मोकळं लेखन मला प्रिय आहे पण नुसत्या मोकळेपणावर वर्ष काढलं तर अर्धा वर्ग मागे राहतो, हे मी स्वतःच्या वर्गात बघितलंय.

आता बोलण्याचं. मुलं चार ओळी लिहितात कारण त्यांना सांगायचं काही नसतं असं आपण धरून चालतो. तसं नसतं हो. तीच मुलं मधल्या सुट्टीत श्वास न घेता बोलतात. अडचण एवढीच की कुठली गोष्ट ‘लिहिण्यासारखी’ आहे हे त्यांना माहीत नसतं, त्यांना वाटतं निबंधात निबंधासारखंच लिहायचं असतं. एका मुलीने ‘माझी आजी’वर लिहिलं होतं, “माझी आजी खूप प्रेमळ आहे. ती रोज लवकर उठते. ती मला खूप आवडते. आम्ही सगळे तिचा आदर करतो.” चार वाक्यं, शुद्धलेखन बरोबर, आणि ही आजी कुणाचीही असू शकते. मी तिला शेजारी बसवून विचारलं, तुझी आजी असं काय करते जे दुसरं कुणी करत नाही? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “ती फोनवर उभी राहून बोलते.” नेहमी? “नाही, तिच्या मोठ्या भावाचा फोन आला तरच. आम्ही म्हणतो त्यांना दिसत नाही गं, बस. ती म्हणते, पण मला कळतं ना.” मी म्हटलं हे आत्ताच्या आत्ता लिही, जसं बोललीस तसंच. तिने लिहिलं, आणि वर्गात वाचून दाखवल्यावर आदर हा शब्द तिने स्वतःच काढून टाकला, म्हणाली आता तो लागत नाही.

तर लिहिण्याआधी दहा मिनिटं जोडीने बोलू द्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने फक्त तीन प्रश्न विचारायचे, ‘मग?’, ‘म्हणजे कसं?’, ‘नेमकं काय म्हणाली?’. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रारही येते, तरी करा. विषयही छोटा द्या. ‘पावसाळा’ या विषयावर सहावीचं मूल काय लिहिणार, ते पाठ केलेलंच काढणार. ‘आज सकाळी घरातून निघेपर्यंतची पाच मिनिटं’ असा विषय दिला तर गाईड बंदच होतं, कारण ते कुठल्याच गाईडमध्ये नाही. नक्कल थांबवायचा याच्यापेक्षा सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही, रागावून तर ती अजिबात थांबत नाही.

आता तपासणं, इथेच खरं घोडं पेंड खातं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. एका मुलाने मामाच्या म्हशीवर पानभर लिहिलं होतं, म्हैस सुटली, सगळे तिच्या मागे धावले, ती शेवटी शाळेच्याच आवारात सापडली. मी प्रामाणिकपणे एकूण एक चूक शोधली. लाल पेनाने तीसेक गोल. खाली शेरा, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ पुढच्या वेळी त्याने सहा ओळी लिहिल्या. एकही चूक नाही. एकही असा शब्द नाही जो त्याला आधीपासून पक्का येत नव्हता. मला तेव्हा आनंद झाला होता, सुधारला म्हणून. काही महिन्यांनी त्याच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा लक्षात आलं की त्याने हात आखडता घेतलाय, जे लिहिताना चुकेल ते तो लिहितच नाहीये. ती म्हैस परत कधी आली नाही. ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. कच्चं लिखाण वेगळ्या वहीत, त्यावर लाल पेन नाही, मार्क नाहीत. पहिलं वाचन फक्त मजकुरासाठी, समासात पेन्सिलने एक किंवा दोन प्रश्न. प्रश्न खरा हवा, म्हणजे मला खरंच जाणून घ्यायचंय असा, ‘म्हैस सुटली हे पहिल्यांदा कुणाला कळलं?’ यासारखा. ‘छान’ किंवा ‘अजून विस्तार कर’ याचा मुलाला काहीही उपयोग होत नाही, विस्तार करायचा म्हणजे काय करायचं हेच तर त्याला माहीत नसतं. मग तो दुसरा खर्डा करतो. दुसऱ्या खर्ड्यावर भाषेची एकच गोष्ट. एकच. या पंधरवड्यात वर्गाने पूर्णविराम घेतला असेल तर मी फक्त पूर्णविराम बघते, बाकी चुका दिसतात, डोळ्यांत खुपतात, तरी सोडते. पालकांना हे आधी मीटिंगमध्ये सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ‘बाई तपासतच नाहीत’ असं होतं.

आणि चाळीसच्या चाळीस वह्या एका वेळी नाही घ्यायच्या. रोज आठ. आठवड्यात सगळ्यांना एकदा. शिवाय मुलं लिहीत असताना टेबलाशी बसून न राहता वर्गात फिरायचं, एकेकाजवळ दोन मिनिटं वाकून बसायचं, ‘कुठपर्यंत आलास? आता काय अडलंय?’ एवढंच विचारायचं. डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेत १९७८ ते १९८० अशी दोन वर्षं लहान मुलांना लिहिताना जवळून बघितलं होतं, त्यांच्या कामाचा गाभा हाच, की मूल लिहीत असतानाच त्याच्याशी त्या लिखाणाबद्दल बोलायचं. पूर्ण झाल्यावर घातलेला शेरा मूल बहुतेक वेळा वाचतही नाही, मार्क बघतं आणि पान उलटतं.

अजून एक, मुलाला त्याचं लिखाण मोठ्याने वाचायला लावा, स्वतःलाच किंवा शेजाऱ्याला. गळलेला शब्द, तुटलेलं वाक्य, पाच वेळा आलेलं ‘आणि मग’, निम्म्या चुका ते आपणहून पकडतं. ज्या चुका त्याच्या कानाला कळतात त्या मी का शोधत बसू.

व्याकरणाचं म्हणाल तर याबाबतीत संशोधन बऱ्यापैकी स्पष्ट आहे. इंग्रजी शिकवण्याबद्दलचा ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांचा १९६३चा अहवाल असो किंवा चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनाबद्दल स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा २००७चा अहवाल, वेगळा तास घेऊन व्याख्या आणि प्रकार शिकवल्याने लेखन सुधारत नाही असंच दोन्हींत निघालं. त्याच २००७च्या अहवालात वाक्यं जोडायच्या सरावाचा मात्र चांगला फायदा दिसला, सारांश लिहिण्याचाही. हे काम इंग्रजीवरचं आहे हे मान्य, पण वाक्यं जोडणं मी मराठीत कित्येक वर्षं करतेय आणि आपल्या भाषेत तर त्याला फारच वाव आहे.

म्हणजे असं. फळ्यावर तीन तुटक वाक्यं लिहायची, ‘पाऊस आला. आम्ही पळालो. वही भिजली.’ आणि म्हणायचं याचं एक वाक्य करा, जितक्या प्रकारांनी होईल तितक्या. मुलं सांगत जातात. पाऊस आला म्हणून आम्ही पळालो तरी वही भिजलीच. पाऊस आल्यावर पळता पळता वही भिजली. आम्ही पळेपर्यंत वही भिजलीसुद्धा. ज्या पावसातून आम्ही पळालो त्याच पावसात वही भिजली. मग विचारायचं, यात दोष कुणाचा वाटतो? घाई कशात जास्त वाटते? ‘तरी’ने काय होतं, ‘च’ने काय होतं? एका अक्षराने केवढा फरक पडतो हे सहावीच्या मुलांना बरोब्बर कळतं, त्यांना आवडतंही. मिश्र वाक्य, संयुक्त वाक्य ही नावं मी यानंतर देते. वस्तू हातात आल्यावर नाव दिलं की ते राहतं, आधी नाव दिलं तर ते परीक्षेपुरतंच राहतं. दहा मिनिटांचा खेळ आहे, पिरियडच्या सुरुवातीला आठवड्यात तीनदा घ्या, महिन्या-दीड महिन्यात ‘आणि मग, आणि मग’ कमी झालेलं दिसेल.

शुद्धलेखनही असंच. मराठीचे नियम १८, त्यातले १४ साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये दिलेले आणि ४ नंतर १९७२ मध्ये जोडलेले, पण सहावीला ते सगळे एकदम म्हणून दाखवून काही होत नाही. मी वर्षभरात पाच-सहा गोष्टी घेते. सगळ्यात मोठी म्हणजे दूध पण दुधात, फूल पण फुलाला, मूल पण मुलाचं, मीठ पण मिठाचा, बहीण पण बहिणीला. एवढी एक जोडी पक्की झाली की वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी चुका एकदम जातात. मुलांनाच शोधायला लावते, आपल्याच लिखाणातून असे शब्द काढा आणि दोन रकाने करा, मग विचारते, काय होतंय बघा. नियम ती सांगतात. ‘गुण’ किंवा ‘विष’ आला की गाडी अडते, तेव्हा तत्सम शब्दांचं सांगायचं, त्याआधी नको. दुसरी गोष्ट ‘की’ आणि ‘कि’, तिसरी ‘नि’ आणि ‘नी’, आणि प्रत्येक मुलाची स्वतःची दहा शब्दांची यादी, वहीच्या शेवटच्या पानावर, जो शब्द तीन वेळा बरोबर आला तो खोडायचा.

घरच्या बोलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण वर्गात हा प्रश्न येणारच. मूल ‘व्हतं’ लिहितं, ‘म्या’ लिहितं. ही चूक नाही, ती त्याच्या घरची भाषा आहे, आणि पहिल्या खर्ड्यात तिला हात लावला तर तुम्ही त्याच्या आईच्या बोलण्यावर लाल रेघ मारल्यासारखं होतं. मी सरळ सांगते, कच्चं लिहिताना जसं येईल तसं. पक्क्यात, निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसं बोलतात ते त्यांच्याच बोलीत. अवतरणचिन्हांचा उपयोग मुलांना खरा पटतो तो इथे. प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, अर्जात, परीक्षेत, नोकरीत ती लागणार, त्यात काही कमी करू नका, पण ती आणखी एक भाषा म्हणून द्या, घरची काढून घेऊन नको.

अक्षराबद्दल थोडंच सांगते. वळणदार हवं असं नाही, पण ओघात लिहिता यायला हवं, कारण ज्या मुलाचं सगळं लक्ष जोडाक्षर कसं काढायचं यातच जातं त्याच्याकडे विचार करायला जागा उरत नाही. अशी तीन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी सांगावं आणि जोडीदाराने किंवा तुम्ही लिहून घ्यावं, मग त्यांनी तो आपलाच मजकूर वाचावा आणि थोडाथोडा उतरवावा. यात फसवणूक काही नाही, लेखन त्यांचंच आहे.

आणि वाचणारा कुणीतरी हवा, बाईंशिवाय दुसरा. फ्रान्समधल्या सेलेस्तीं फ्रेने या शिक्षकाने १९२४च्या सुमारास वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं, मुलं गावात फिरून येत, लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि लांबच्या शाळेतल्या मुलांना पाठवत. आपल्याला यंत्राचीही गरज नाही, दुसऱ्या तुकडीला पत्रं, पहिलीच्या मुलांसाठी गोष्टींची शिवलेली वही, व्हरांड्यात लावलेलं भित्तिपत्रक, यातलं काहीही चालतं. जी मुलगी माझ्यासाठी कधी दुसरा खर्डा करायची नाही तिने पहिलीच्या मुलांसाठी एक गोष्ट चार वेळा लिहिली, कारण पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा तिसऱ्या वाक्यालाच ती मुलं खिडकीबाहेर बघायला लागली होती.

राहता राहिली परीक्षा. पालकांना मी वही दाखवते, वादात पडत नाही. जूनमधलं पान आणि डिसेंबरमधलं पान शेजारी ठेवलं की बहुतेक पालक स्वतःच बोलतात. पाठ केलेल्या निबंधाची अडचण अशी की विषय जरा फिरवून आला की मूल अडकतं, आणि पेपर तपासताना तोच निबंध तिसाव्यांदा वाचणाऱ्याला काय वाटतं हे मी स्वतः पेपर तपासलेत म्हणून सांगू शकते. तरी परीक्षेचं वेगळं कौशल्य आहे आणि ते न शिकवणं हा मुलांवर अन्याय होईल, तिथे दुसरा खर्डा करायला वेळ नसतो. म्हणून वेळ लावून सराव घेते, पण तो परीक्षेआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांतच. चार मिनिटं कच्च्या पानावर पाच-सहा शब्द टिपायचे, त्यातला सगळ्यात नेमका शब्द निवडून त्यावरून पहिलं वाक्य करायचं, मग लिहायचं, आणि शेवटची तीन मिनिटं राखून ओठ हलवत मनातल्या मनात एकदा वाचायचं. वर्षभर मोठ्याने वाचायची सवय लागलेली असते, त्यामुळे आवाज न काढताही मुलांना आपली चूक ऐकू येते.